दीड फूट

दीड फूट. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. भांडायला उठावं इतकं मोठं नाही आणि सोडून द्यावं म्हटलं तर सुटतही नाही.

सकाळी बंदरातल्या आमच्या बांधकामाच्या साइटवर गेले तर बॅरिअर आमच्या बाजूला दीड फूट आत सरकलेले. पाणी भरलेले बॅरिअर, ढकलून हलत नाहीत. म्हणजे रात्री कुणीतरी वाकून एकेकाचं बूच काढलं, पाणी सोडलं, बॅरिअर ओढून आत घेतले आणि बुचं परत पिळून घट्ट बसवली. सगळी. ओळसुद्धा सरळ! एवढं नीट काम करून घ्यायला मला दोनदा ओरडावं लागतं.

बंदर चालवणाऱ्या ऑपरेशनवाल्यांचंच काम, आणि का केलं तेही कळतं. रात्री जहाज लागलेलं. एक क्रेन तासाला 25-30 डबे, म्हणजे कंटेनर, उतरवते, अशा तीन-चार चालू असल्या आणि यार्डात वळणावर एक ट्रेलर अडकला की पार धक्क्यापर्यंत तुंबतं. पण बॅरिअरच्या आत परवा ओतलेला काँक्रीटचा बीम आहे, आरटीजीची, म्हणजे यार्डात डबे रचणाऱ्या चाकांवरच्या क्रेनची, चाकं ज्याच्यावरून धावणार तो. त्याच्या कडेची भर अजून व्हायचीय, कड उघडी आहे. भरलेल्या ट्रेलरचं चाक तिकडे गेलं असतं तर... नाही गेलं. जाऊ दे.

लागलंय ते एवढंच, की सांगितलं नाही. एक फोन. निदान ग्रुपवर एक ओळ. तिथे रात्रभर फुलांची चित्रं पडत असतात.

विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं का? नसतं. त्यांनाही ते माहीत होतं. तरी विचारायचं.

यार्डाच्या नकाशात आमचा ब्लॉक तिरक्या रेघांनी भरलेला असतो. अर्थ: वापरता येणार नाही. तिथे माणसं आहेत, काहीतरी चाललंय, याची त्या नकाशात सोय नाही. समुद्रात भराव टाकून केलेली ही जमीन. वाळूचं ओझं ठेवून, आत उभे ड्रेन घालून तिच्यातलं पाणी महिनोन्महिने पिळून काढत होतो, तेव्हा ऑपरेशनवाल्यांना दिसायचा तो वाळूचा ढीग आणि त्याखाली अडकलेली त्यांची जागा. ‘मॅडम, तुमची माणसं बसूनच असतात का?’ असं एकाने विचारलं होतं. अरे बाबा, जमीन जी पुढे खचायची ती आत्ताच खचवून घेत होतो. भरलेला डबा तीस टनांपर्यंत जातो, एकावर एक पाच रचतात, आणि सगळा भार उतरतो तळहाताएवढ्या चार कोपऱ्यांवर. शेजारशेजारच्या डब्यांचे कोपरे एकाच जागी आले तर खालच्या फरशीच्या ब्लॉक्सचं काय होतं ते बघायला कुणी येत नाही. आणि काम झालं, ताबा दिला, की संध्याकाळपर्यंत वर डबे चढतात. फरशी दिसतच नाही. मोठे साहेब जाताना हेच म्हणाले होते. पण त्यांच्याबद्दल आज नको.

दुपारी क्यूबचे, म्हणजे ताकद तपासायला ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, सात दिवसांचे आकडे आले. मागच्या बीमचे. बरे आहेत.

मग नव्या बीमवर ओलं ठेवायचं गोणपाट बघायला परत फेरी मारली. सगळीकडे सुकत आलेलं, आणि बॅरिअरच्या बाजूचं ओलंगच्च! रात्री सोडलेलं पाणी उताराने थेट आमच्या बीमवर आलेलं. काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ द्यायचं ते क्युरिंग रात्रपाळीने फुकटात करून दिलं होतं. बॅरिअर भरले तो टँकर गोड्या पाण्याचाच होता ना, हे आधी विचारून घेतलं. खारं असतं तर आतल्या सळ्यांच्या काळजीने हसू आलं नसतं. मग मात्र एकटीच हसत सुटले. वॉचमन बघत राहिला.

‘हे लोक जाणार कधी’ असं आमच्याबद्दल विचारतात म्हणे. कुठे जाणार? 1956 साली ‘आयडियल एक्स’ हे सुरुवातीचं कंटेनर जहाज 58 डबे घेऊन निघालं होतं. आता 400 मीटर लांबीच्या एका जहाजावर वीसफुटी 24,000 डबे मावतात. जहाज वाढलं की क्रेन उंच हवी, क्रेन जड झाली की रुळाखालचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल गेलेले खांब, नवे, धक्क्यासमोर गाळ आणखी उपसायचा. चालत्या बंदरातलं बांधकाम संपत नाही, या ब्लॉकमधून उठून त्या ब्लॉकमध्ये जातं. तेव्हा एका स्वयंपाकघरातल्या दोन जावांसारखं आमचं कायमचंच आहे. भांडी वाजणार.

निषेधाचा मेल लिहिला होता, कडक भाषेत, वरपर्यंत सगळ्यांना घालून. पाठवला, पण अर्धा कापून, आणि फक्त शिफ्टवाल्यांना. कडेची भर घालून, दाबून झाली की रात्रपाळीपुरतं ते दीड फूट मीच देईन, असंही शेवटी टाकलंय. तोवर बॅरिअर जागेवर नेऊन पाण्याऐवजी वाळूने भरायला सांगितलेत. काढा म्हणावं आता बुचं.