तिले कोनी इचारलं का?

"सरपंचबाईले राजीनामा द्याले तुमीच लावलं ना, उपसरपंच?" आज ग्रामसभेत एकानं खुर्ची आपटून विचारलं.

दीड तास हेच. नळ, नाली, घरकुल, सगळा राग माझ्यावर. सरपंचाचा राजीनामा पंचायत समितीच्या सभापतीकडे जातो, माझ्याकडे येत नाही, हेही सांगून पाहिलं. कोण ऐकतं!

मग मागून एक आजी उठली. वेचणीवरून तशीच आलेली, पदराला कापूस चिकटलेला.

"तुमी सारे भांडून राह्यले. थे पोरगी चार दिस झाले घराच्या बाहीर नाई निंगाली. जेवली का म्हनून तिले कोनी इचारलं का?"

सभा गप्प.

तिचं घर माझ्यापासून चौथं. या चार दिवसांत मी रोज खुलासे जुळवत बसलो, तिच्या दारात एकदाही गेलो नाही. २०११ पासून गावात निम्म्या जागा बायांना राखीव आहेत. खुर्ची मिळते, पण तिच्या बाजूला उभं राहायला आमच्यातलं कोण जातं?

संध्याकाळी गेलो. दार सासूनं उघडलं.

"आता काऊन आले, भाऊ?"

काय सांगायला हवं होतं मी?