तुम्ही विचारलंत म्हणून: हॉलमधलं चित्र

"बाई, एवढं उदास चित्र हॉलमध्ये कशाला लावलंत?" घरी येणारं माणूस चहाचा कप हातात घेतला की हे विचारतंच. माझे जुने विद्यार्थी विचारतात, नात्यातली माणसं विचारतात. एका मावशींनी तर सांगितलं, घरात रडकी चित्रं लावू नयेत, लक्ष्मी येत नाही. मी दरवेळी काहीतरी तुटक उत्तर देते. आज जरा बसून सांगते.

चित्राचं नाव ‘निर्वासित’. फेलिक्स नुसबाउम या जर्मन ज्यू चित्रकाराने ते १९३९ साली ब्रसेल्समध्ये काढलं. मूळ चित्र जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू हत्याकांडाच्या स्मृतिसंग्रहालयात आहे, माझ्याकडे आहे ती मुलाने पाठवलेली छापील प्रत. करडी, मातकट, जवळजवळ रिकामी खोली. लांबच लांब टेबल. त्याच्या एका टोकाला पृथ्वीगोल आणि पार दुसरीकडे एक माणूस, दोन्ही हातांत डोकं धरून बसलेला. शेजारी त्याचं गाठोडं आणि काठी. मागे दार सताड उघडं, बाहेर पानं झडलेली झाडं आणि काळे पक्षी.

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. माझ्या टेबलावर कायम पृथ्वीगोल असायचा. तो फिरवला की पाचवीतल्या मुलांचे डोळे चमकायचे, "बाई, थांबवा, मी बोट ठेवतो!" जिथे बोट पडेल तो देश त्याचा. जग म्हणजे कुठेही जाता येईल अशी जागा, हे मी मुलांना त्या गोलावरच शिकवलं. म्हणून हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी नजर त्या माणसाकडे गेलीच नाही, आधी गोलाकडे गेली. तो गोल माणसापेक्षा मोठा दिसतो. आणि त्या माणसाला बोट ठेवायला त्यावर कुठेच जागा नाही.

नुसबाउम जर्मनीतल्या ओस्नाब्रुकचा, जन्म १९०४चा. वडील लोखंडी सामानाचे व्यापारी, पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढलेले, स्वतः हौसेने चित्रं काढणारे. त्यांनीच मुलाला चित्रकार होऊ दिलं. १९३२ साली त्याला रोमच्या जर्मन अकादमीची शिष्यवृत्ती मिळाली. तो तिकडे असतानाच बर्लिनमधल्या त्याच्या स्टुडिओला आग लागली आणि दीडशेच्या आसपास चित्रं जळाली. पुढच्याच महिन्यात हिटलर सत्तेवर आला. फेलिक्स पुन्हा जर्मनीत राहायला गेला नाही. १९३५ मध्ये तो आणि त्याची जोडीदार फेल्का प्लाटेक बेल्जियमला आले. ती वॉर्सोची, तीही चित्रकार. तिथे परवाने घ्यायचे, मुदत संपत आली की पुन्हा कचेरीच्या दारात उभं राहायचं, असं चाललं होतं. आईवडील मात्र जर्मनीला परत गेले होते, त्यांना आपला देश सोडवेना.

माणसं अडकली ती नकाशा लहान होता म्हणून नव्हे. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एवियाँ गावी बत्तीस देशांचे प्रतिनिधी निर्वासितांसाठीच जमले होते. सहानुभूतीची भाषणं झाली, पण जवळजवळ कुणीच आपल्याकडे जास्त माणसं घ्यायला तयार झालं नाही. मी इतकी वर्षं भूगोल शिकवला, पण हा धडा कधी शिकवला नाही, याचं मला वाईट वाटतं.

काहींना दार सापडलं. त्याच १९३८ साली व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आपल्या ज्यू पत्नीसह मुंबईला पोचला. टाइम्स ऑफ इंडियात कलासंचालक झाला. रझा, आरा यांच्यासारखी तरुण मंडळी त्याच्या घरी चित्रं दाखवायला, बोलायला जायची. म्हणजे त्या गोलावर एक ठिपका आपलाही होता. नुसबाउमला तो मिळाला नाही.

१९४० मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरलं तेव्हा ‘शत्रूराष्ट्राचा नागरिक’ म्हणून बेल्जियन पोलिसांनी त्यालाच धरलं आणि दक्षिण फ्रान्समधल्या सँ-सिप्रियँच्या छावणीत पाठवलं. हिटलरपासून पळालेला माणूस जर्मन म्हणून कैदेत! तिथून जर्मनीला नेत असताना तो निसटला, ब्रसेल्सला फेल्काकडे परत आला, पुढे लपून राहिला आणि लपूनही चित्रं काढत राहिला. जून १९४४ मध्ये दोघं पकडले गेले. ३१ जुलैला बेल्जियममधून आउशवित्झला, नाझींच्या मृत्युछावणीकडे, जी शेवटची गाडी सुटली त्यात ते होते. ३ सप्टेंबरला ब्रसेल्स मुक्त झालं. पाच आठवडेसुद्धा नाहीत मध्ये. ही तारखांची वजाबाकी मी किती वेळा केली असेल!

आईवडील आणि भाऊही वाचले नाहीत.

पकडला जाण्याआधी त्याने चित्रं ओळखीच्यांकडे ठेवायला दिली होती. मी संपलो तरी माझ्या चित्रांना मरू देऊ नका, ती लोकांना दाखवा, असं त्याने सांगितल्याचं नोंदलेलं आहे. पुढे नातेवाइकांनी बऱ्याच खटपटीने ती मिळवली आणि १९९८ पासून ओस्नाब्रुकमध्ये त्याच्या नावाचं संग्रहालय आहे.

तर लावलंय ते यासाठी. त्याने दाखवा म्हटलंय. माझ्याकडे एक भिंत आहे आणि चहाला येणारी माणसं आहेत.

शेजारच्या दुसरीतल्या मुलीने मात्र तुमच्यापेक्षा वेगळं विचारलं होतं. "आजी, दार तर उघडंच आहे. मग हे काका बाहेर का जात नाहीत?" तिला मी माझा जुना पृथ्वीगोल काढून दिला आणि आम्ही दोघी त्यावर बेल्जियम शोधत बसलो. फार लहान देश आहे, तिच्या करंगळीखाली झाकला गेला.

पुढच्या वेळी याल तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत बसा. तिथून ते दार नीट दिसतं.