बाझिलिकाताच्या दफ्तरांत पणजोबांचा माग

आमच्या जावयाचे पणजोबा दक्षिण इटलीतील बाझिलिकाता प्रदेशातून अमेरिकेत गेले. त्यांच्या कुळाचे मूळ कागद पाहण्यासाठी मुलगी, जावई आणि मी नेपल्सहून पोतेन्झा या त्या प्रदेशाच्या मुख्य शहरी गेलो. तिथवर रेल्वे आहे. पुढच्या डोंगरी गावांसाठी मात्र गाडी भाड्याने घेतलेली बरी.

निघण्यापूर्वी गावाचे नेमके नाव आणि जन्मसाल हाती असावे, कारण नोंदी गाववार आणि सालवार ठेवलेल्या असतात. ‘आन्तेनाती’ या सरकारी संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांच्या वह्या विनामूल्य पाहता येतात. बाझिलिकाता ज्यात येई त्या नेपल्सच्या जुन्या राज्यात नागरी नोंदणी १८०९ पासून, तर सिसिलीत १८२० पासून सुरू झाली. उर्वरित इटलीत ती बहुतेक ठिकाणी १८६६ पासून सलग मिळते. स्त्रियांची नोंद लग्नानंतरही माहेरच्याच आडनावाने होते, हे शोधताना ध्यानात ठेवावे.

खरा ऐवज लग्नाच्या जोडपत्रांत असतो. पणजोबांच्या आजोबांच्या लग्नाच्या गठ्ठ्यात वधूवरांच्या जन्माचे उतारे तर होतेच. शिवाय वराचे वडील हयात नसल्याने संमतीचा अधिकार त्याच्या आजोबांकडे जाई, आणि तेही वारले असल्यामुळे दोघांचेही मृत्युदाखले जोडलेले होते. एका गठ्ठ्यात घराणे थेट अठराव्या शतकात पोहोचले!

नागरिकत्वासाठी जाणाऱ्यांनी मात्र आधी कायदा पाहावा. २८ मार्च २०२५ च्या वटहुकमानंतर, परदेशात जन्मून दुसरे नागरिकत्व असलेल्यांना वंशाधारे हक्क सांगायचा तर आईवडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणीतरी फक्त इटलीचेच, दुसरे नागरिकत्व नसलेले नागरिक असावे लागते. याला अपवाद मोजकेच आहेत. नुसत्या पणजोबांवर आता भागत नाही, म्हणून आमचे काम वंशावळीपुरतेच होते. मुलीचा तर प्रश्नच नव्हता, कारण परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते.

नागरिकत्वाच्या अर्जासाठी संकेतस्थळावरील छायाचित्र चालत नाही. गावच्या नगरपालिकेतील नागरी नोंदणी विभागाचा सहीशिक्क्याचा उतारा लागतो, आणि त्यात आईवडिलांची नावे हवीत असे उतारा मागतानाच लिहावे, एरवी ती गाळली जातात. शंभर वर्षांहून जुन्या दाखल्यांसाठी ३०० युरोंपर्यंत शुल्क घेण्याची मुभा नगरपालिकांना २०२५ पासून मिळाली आहे, तेव्हा ईमेलने आकार विचारून, वेळ ठरवूनच जावे. लहान गावांतील कार्यालये बहुधा सकाळीच उघडी असतात. ऑगस्टचा मध्य तर टाळावाच.