न्यूटच्या टाकीतले पाणी आणि टोकियोचा उन्हाळा

मत्स्यालयाच्या दुकानात काचेची टाकी घ्यायला गेले की दुकानदार तिच्यासोबत हीटरही पुढे करतो, कारण त्याची बहुतेक गिऱ्हाइके उष्ण प्रदेशातले रंगीत मासे पाळणारी असतात. न्यूट, म्हणजे पालीसारखा दिसणारा, शेपटीवाला उभयचर प्राणी, पाळणाऱ्याची चिंता मात्र बरोबर उलटी असते. पाणी गरम कसे ठेवावे हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. ते गार कसे राहील, याच विवंचनेत त्याचे जून ते सप्टेंबर हे चार महिने जातात.

टोकियोत आमच्या घरी जपानी न्यूटची जोडी आहे. येथे त्यांना ‘आकाहारा इमोरी’ म्हणतात. पाठ काळपट तपकिरी, पोट नारिंगी-तांबडे आणि त्यावर काळे डाग, लांबी साधारण दहा सेंटिमीटर. होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या बेटांवरच्या भातखाचरांत, ओढ्यांत आणि डबक्यांत हा प्राणी मूळचा राहतो. मग जपानचाच प्राणी जपानच्या उन्हाळ्याला का घाबरतो, असे पाहुणे हमखास विचारतात. रानात तो उन्हाळ्याच्या तडाख्यात एका जागी बसून राहत नाही. झऱ्याच्या सावलीत सरकतो, दगडाखाली शिरतो, नाहीतर पाणी सोडून ओलसर पाल्यापाचोळ्यात जातो. टाकीत त्याला यांतले काहीच करता येत नाही. चारही बाजूंना काच आणि सगळीकडे सारखेच तापलेले पाणी, अशी त्याची अवस्था असते.

सोळा ते बावीस अंश सेल्सिअस या टप्प्यात हे न्यूट खुशाल असतात. पंचवीसपर्यंत गेलेले पाणी ते काही दिवस निभावून नेतात, परंतु त्यापुढे दीर्घकाळ राहिलेले तापमान त्यांना सोसत नाही आणि तिशीला टेकलेले पाणी जिवावर बेतू शकते. याचे कारण दुहेरी आहे. न्यूट शीतरक्ताचा असल्यामुळे पाणी तापले की त्याच्या शरीरातील चयापचयाचा वेग वाढतो आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. नेमक्या त्याच वेळी पाण्यातला विरघळलेला प्राणवायू कमी होतो. वीस अंशांच्या संपृक्त, म्हणजे मावेल तेवढा प्राणवायू विरघळलेल्या, पाण्यात तो लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम असतो, तीस अंशांना सुमारे 7.5. फुफ्फुसांबरोबरच त्वचेतून श्वसन करणाऱ्या प्राण्याला ही घट जाणवल्याशिवाय राहत नाही. शिवाय विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून तयार होणाऱ्या अमोनियाचा जो भाग खरा विषारी असतो, तोही उष्णतेबरोबर वाढतो. पाण्याचा सामू (pH) 8 असेल तर वीस अंशांना एकूण अमोनियापैकी सुमारे चार टक्के भाग या रूपात असतो, तीस अंशांना तो साडेसात टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे टाकीतली घाण तेवढीच राहिली तरी तिचा त्रास जवळजवळ दुप्पट होतो.

त्रास होऊ लागल्याचे प्राणी स्वतःच सांगतात, फक्त पाहणाऱ्याचे लक्ष हवे. एरवी तळाशी वाळूवर पाय रोवून गांडुळाच्या तुकड्यावर झडप घालणारा न्यूट तोंडापुढे आणलेले अन्न नाकारतो, पृष्ठभागाशी तिरका लोंबकळत राहतो आणि नाकपुड्यांची टोके तेवढी बाहेर काढून वारंवार हवा घेतो. काही जण पाणी सोडून कॉर्कच्या सालीवर चढून बसतात आणि दिवसभर खाली उतरत नाहीत. अशा वेळी आधी तापमापक पाहावा. काचेला बाहेरून चिकटवायची रंगीत पट्टी या कामी फारशी उपयोगाची नाही, कारण तिच्यावर खोलीच्या हवेचा परिणाम होतो. पाण्यात सोडायच्या टोकाचा आणि दिवसातले कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल तापमापक घ्यावा. दुपारी दोन वाजता घरी कोणी नसताना पाणी कुठवर चढले होते, हे त्याच्याशिवाय कळत नाही.

आता गार करण्याविषयी. बहुतेकांना पहिल्यांदा बर्फ आठवतो. आमची टाकी साठ बाय तीस सेंटिमीटरची असून पाणी बावीस सेंटिमीटर उंच ठेवलेले आहे, म्हणजे साधारण चाळीस लिटर. अर्धा किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्याने चाळीस लिटर पाणी जेमतेम एक अंशाने उतरते, आणि ते वितळलेले पाणी टाकीच्या तापमानाला येईपर्यंत आणखी साधारण पाव अंशाने. अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली टाकीत सोडून निर्धास्त होणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. बाटली वितळली की खोलीची उष्णता पुन्हा पाण्यात उतरते आणि तापमान दिवसभर झोके खात राहते. अचानक होणारे असे चढउतार न्यूटला मानवत नाहीत. बर्फ आणीबाणीसाठी ठेवावा, रोजच्या वापरासाठी नव्हे, हे माझे ठाम मत आहे.

खरे काम बाष्पीभवन करते. टाकीच्या कडेला अडकवायचा छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालतो, पाणी उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. दिवसाला एक लिटर पाणी उडाले, तर ते अठ्ठावीस वॅट क्षमतेने अखंड गारवा देण्यासारखे असते, आणि पंख्याला स्वतःला लागणारी वीज त्याच्या तुलनेत नगण्य असते. मात्र या उपायाला एक मर्यादा आहे, आणि ती तापमानापेक्षा हवेतल्या दमटपणाने ठरते. बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त ज्या तापमानापर्यंत उतरू शकते, ते म्हणजे आर्द्र गोलक तापमान, शाळेच्या भूगोलात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाने मोजायला शिकवतात तेच. नागपूरच्या मे महिन्यात चाळीस अंश तापमान आणि पंधरा टक्के आर्द्रता असली, तर ते सुमारे एकवीस अंश येते. टोकियोच्या जुलैत बत्तीस अंश आणि सत्तर टक्के आर्द्रता असली, तर ते साडेसत्तावीसच्या आसपास राहते. विदर्भात माठातले पाणी दात शिवशिवतील इतके गार होते आणि मुंबईत तोच माठ नुसता शोभेचा ठरतो, त्याचेच हे गणित आहे. टोकियोच्या पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवून नुसता पंखा लावल्यास न्यूटचे पाणी सत्तावीसच्या खाली जाणार नाही, मग पंखा कितीही महागाचा असो.

म्हणून आम्ही खोलीपासून सुरुवात करतो. एसी सत्तावीस अंशांवर ठेवला की हवा गार होते त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती कोरडी होते. आर्द्रता पन्नास टक्क्यांवर आली, तर आर्द्र गोलक तापमान विशीच्या खाली उतरते. पाणी प्रत्यक्षात तिथपर्यंत जात नाही, कारण काचेतून, हवेतून आणि पंपाच्या मोटरमधून उष्णता येतच असते, परंतु बावीस-तेवीसवर ते स्थिर राहते. 2023 च्या ऑगस्टमध्ये टोकियोत महिन्याच्या एकतीसही दिवशी पारा तीस अंशांवर गेला होता, तेव्हाही एसी आणि पंखा या जोडगोळीने काम भागवले. पाणी गार करणारे खास चिलर बाजारात मिळतात आणि ते उत्तम चालतात, परंतु पाण्यातून काढलेली उष्णता ते त्याच खोलीत सोडतात आणि त्यांची किंमत दोन न्यूटांच्या संसाराला झेपणारी नसते.

पंखा लावायचा म्हणजे टाकीचे बंद झाकण काढावे लागते, आणि ओल्या अंगाने उभी काच चढून जाण्यात न्यूट पटाईत असतात. बारीक जाळीचे, कडेने घट्ट बसणारे झाकण त्यासाठी अत्यावश्यक आहे. उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी. क्षार मागे राहत असल्याने भर घालण्यासाठी मृदू पाणी वापरावे, अधूनमधून थोडे पाणी बदलावे आणि क्लोरीन आधी काढून टाकावे. ऑगस्टमध्ये येथे नळालाही कोमट पाणी येते, तेव्हा बादली एसीच्या खोलीत रात्रभर ठेवलेली बरी.

हिवाळ्याविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. हीटर नको. पाणी दहा अंशांखाली गेले की न्यूट मंदावतात, खाणे कमी करतात, आणि तो गारवा वसंतातल्या विणीसाठी उपयोगीच ठरतो. पाणी गोठणार नाही एवढे पाहिले म्हणजे पुरे.

हे वाचून महाराष्ट्रात कोणाला न्यूट पाळावासा वाटलाच, तर सह्याद्रीत न्यूट मुळीच नाहीत आणि दार्जिलिंगकडे आढळणारा हिमालयीन न्यूट वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

आमची खरी परीक्षा गणपतीत असते. सण ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात येतो, आम्ही पुण्याला जातो आणि टोकियोत उकाडा तसाच असतो. शेजारच्या आजींकडे किल्ली देताना एक कागद देते. एसी सत्तावीसवर, बंद करायचा नाही. पंख्याचे बटण हलवायचे नाही. भरीचे पाणी मोजून बाटल्यांत भरून ठेवले आहे, टाकीच्या काचेवरील टेपच्या खुणेपर्यंत ओतायचे. अन्न एक दिवसाआड, तेही थोडेच. न्यूटला हात लागला तर साबणाने धुवायचा, कारण जपानी लोक खातात त्या विषारी फुगू माशातलेच विष त्याच्या त्वचेत असते. हे वाक्य जपानी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. शेवटची ओळ एसी बंद पडल्यास काय करायचे त्याची आहे: फ्रीजरमधल्या बाटल्यांपैकी एक पाण्यात सोडायची, तापमापक पाहायचा, चोवीसच्या खाली गेल्यास बाटली काढायची, आणि मला कितीही वाजले असले तरी फोन करायचा.