ग्रँड कॅनियनची हेलिकॉप्टर फेरी आणि एक स्प्लिट पिन

गेल्या नोव्हेंबरात मुलाकडे ॲरिझोनातल्या फिनिक्सला गेलो होतो, तेव्हा नेवाडातल्या बोल्डर सिटीहून हेलिकॉप्टरने ग्रँड कॅनियनमध्ये उतरून आलो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी लिहितोय. आधीच सांगतो, माझी ३१ वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये गेली आहेत. बाकीच्यांनी दरी बघितली, माझी नजर नट-बोल्टांवरच जास्त होती.

पहिली गोष्ट घड्याळाची. उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करायची पद्धत ॲरिझोनात पाळत नाहीत, शेजारच्या नेवाडात पाळतात. त्यामुळे उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ आणि हिवाळ्यात नेवाडा एक तास मागे. चिरंजीवांना फिनिक्सला येऊन चारच महिने झालेले, ही भानगड त्यांच्या गावीही नव्हती. पहाटे निघालो, वाटेतल्या किंगमन गावावरून साडेचार तासांत बोल्डर सिटी गाठली आणि काउंटरवरची मुलगी म्हणते, तुम्ही एक तास लवकर आलात. (नेवाडातून ॲरिझोनाकडे जाणाऱ्याचा हाच तास हुकतो, आणि मग फेरीही हुकते.) सौ. चिडली. मला तो तास फार कामाला आला.

बोल्डर सिटी हे हूवर धरण बांधणाऱ्या कामगारांसाठी १९३१ साली वसवलेलं गाव. लास व्हेगास एवढं जवळ असून गावात जुगाराला बंदी आहे. विमानतळ छोटा. कुंपणापलीकडे हँगरचं दार उघडं होतं आणि आत एका हेलिकॉप्टरच्या पाठीवरची कव्हरं काढलेली. शिडीवर उभा मेकॅनिक एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात दांडीचा छोटा आरसा घेऊन खालच्या बाजूचं काहीतरी बघत होता. नटांवरून बोल्टांवर ओढलेल्या पिवळ्या रंगाच्या बारीक रेघा लांबूनही दिसत होत्या. आमच्याकडेही नट आवळून झाला की रंगाची अशीच रेघ मारायचो. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, मापायला काही लागत नाही.

त्या रेघा बघताना मला २०११ चा अपघात आठवला. येण्याआधी मी त्याचा अहवाल वाचून काढला होता. अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीचे अहवाल सगळ्यांसाठी खुले असतात. त्या वर्षी ७ डिसेंबरला लास व्हेगासहून सहलीला निघालेलं एएस ३५० जातीचं हेलिकॉप्टर हूवर धरणामागच्या लेक मीड तलावाजवळच्या डोंगरात कोसळलं. पायलटसह पाचही जण गेले. त्यात दिल्लीचं एक नुकतंच लग्न झालेलं जोडपं होतं. हवा चांगली होती, इंजिन चालू होतं. आदल्याच दिवशी त्या हेलिकॉप्टरची १०० तासांची तपासणी झाली होती आणि मुख्य रोटरच्या (वरच्या पंख्याच्या) कंट्रोलमधला एक सर्व्हो, म्हणजे पायलटचा जोर वाढवून पुढे पोचवणारा भाग, बदलला होता. या सर्व्होला पायलटच्या दांड्याकडून येणारा रॉड एका बोल्टने जोडतात. बोल्टला सेल्फ-लॉकिंग (स्वतःच घट्ट धरून राहणारा) नट, आणि नट कधी सैल झालाच तर तो गळून पडू नये म्हणून वर स्प्लिट पिन, म्हणजे भोकातून घालून टोकं वळवायची पिन. चौकशीचा निष्कर्ष असा की नट पकड गेलेला जुनाच लावला होता आणि स्प्लिट पिन एकतर लावलीच नव्हती किंवा नीट लावली नव्हती. त्या दिवशी आधीची उड्डाणं व्यवस्थित झाली. मग नट सुटला, बोल्ट निघाला, रॉड अलग झाला आणि पायलटच्या हातात काही उरलं नाही.

अहवालातल्या ज्या भागावर मी अडलो तो यापुढचा आहे. मेकॅनिकला सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं होतं. झोप अपुरी होती. काम तपासून सही करणारा इन्स्पेक्टरही थकलेला होता. कामाच्या कागदावर कुठल्या टप्प्याला थांबून काय बघायचं, हे पुरेसं फोडून लिहिलेलं नव्हतं.

मला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. सलग दुसरी पाळी करून एकदा मी स्टीअरिंगच्या टाय रॉडचा (चाकं वळवणाऱ्या दांड्याचा) कॅसल नट, म्हणजे पिनसाठी खाचा असलेला नट, आवळला आणि स्प्लिट पिन घालायचीच राहिली. जॉबकार्डावर सही करून हात धुवायला गेलो. माझा जोडीदार सवयीने खाली वाकला आणि त्याला मोकळं भोक दिसलं. तो एक शब्द बोलला नाही. पिन घातली, टोकं वळवली आणि चहाला चल म्हणाला. ती गाडी सकाळी घाटात जाणार होती.

म्हणून सांगतो, 'कालच मेंटेनन्स झालंय' या वाक्याने निर्धास्त होऊ नका. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर वर्कशॉपमधून नुकत्याच सुटलेल्या गाडीला बिचकायचे. जिथे काल कुणाचा हात लागलाय तिथेच आज काहीतरी राहिलेलं असायची शक्यता. विचारायचंच तर असं विचारा: मोठं काम झाल्यावर प्रवाशांशिवाय उड्डाण करून बघता का? कंट्रोलच्या जोडण्या दुसरा माणूस वेगळा तपासतो का? लॉकनट, म्हणजे तो सेल्फ-लॉकिंग नट, परत वापरता का?

मी काउंटरवर विचारलं. मुलगा कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, असले प्रश्न इथे कुणी विचारत नाही." त्या मुलीला उत्तरं माहीत नव्हती, पण तिने फोन लावला आणि हात पुसत मघाचाच मेकॅनिक बाहेर आला. मी बसवाला आहे कळल्यावर खुलला. म्हणाला, काढलेला लॉकनट आम्ही थेट टाकून देतो, स्टोअरमधून नवाच घेतो. आणि कंट्रोलला हात लागला की दुसऱ्याची सही झाल्याशिवाय मशिन हँगरबाहेर जात नाही. खरं-खोटं मी तपासू शकत नाही, पण प्रश्न त्याला कळला होता आणि रागही आला नव्हता. कुठे टाळाटाळ झाली असती तर मी पैशांवर पाणी सोडलं असतं. सौ. म्हणाली, "अहो, फिरायला आलात की इन्स्पेक्शनला?"

इंधनाच्या टाकीबद्दलही विचारा. १० फेब्रुवारी २०१८ ला आम्ही उतरलो त्याच भागात, क्वार्टरमास्टर कॅनियनमध्ये, ईसी १३० जातीचं हेलिकॉप्टर उतरताना वाऱ्याच्या तडाख्यात सापडून पडलं. पडल्यावर आग लागली आणि पाच ब्रिटिश पर्यटक गेले. आदळल्यावर न फुटणारी टाकी त्यात नव्हती. अशा टाकीचा १९९४ चा नियम फक्त नव्याने मान्यता घेणाऱ्या डिझाइनना लागू होता, त्यामुळे जुन्या डिझाइनची हेलिकॉप्टरं पुढेही साध्या टाकीची बनत राहिली. एप्रिल २०२० नंतर अमेरिकेसाठी बनणाऱ्या प्रत्येक नव्या हेलिकॉप्टरला मजबूत टाकी सक्तीची झाली, पण आधीची अजून उडतात. काही कंपन्यांनी टाक्या बदलून घेतल्यात. तेव्हा प्रश्न सरळ विचारा: आज आम्हाला नेणार त्या हेलिकॉप्टरला ती टाकी आहे का?

शेपटीवर एन अक्षराने सुरू होणारा नंबर असतो. हेलिकॉप्टर बहुधा ऐनवेळी ठरतं, त्यामुळे नंबर दिसला की फोनवर एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या) नोंदणीत टाकून बघा, बनावटीचं वर्ष कळतं. मात्र वर्षावरून फारसं काही ठरवू नका. नीट ठेवलेली वीस वर्षांची गाडी मी डोळे मिटून घेईन.

आता फेरीबद्दल. काउंटरवर सगळ्यांचं वजन करतात आणि त्यावरून जागा ठरवतात. मागितली म्हणून पुढची सीट मिळत नाही. वजन लपवू नका, तोल त्याच आकड्यांवर बसवलेला असतो. गडद कपडे घाला, नाहीतर प्रत्येक फोटोत काचेत तुमचा पांढरा शर्ट उमटतो. टोपी, ओढणी आवरून ठेवा. शेपटीच्या बाजूने कधीच जायचं नाही, आणि पायलटशी नजरानजर झाल्याशिवाय जवळही जायचं नाही.

उड्डाणाआधी पायलटने स्वतः फिरून कव्हरं उघडून बघितलं, हे मला आवडलं. मग हूवर धरण, लेक मीडच्या काठावरचा पाणी ओसरल्याचा पांढरा पट्टा, तपकिरी कडे, आणि एकदम जमीन संपते. पोटात गोळा येतो. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत सहलीच्या हेलिकॉप्टरांना दरीत उतरता येत नाही. ही जागा हुआलापाई आदिवासींच्या जमिनीवर आहे, म्हणून इथे कोलोरॅडो नदीच्या जवळपर्यंत उतरता येतं. खाली अर्धा तास मिळाला. सरबत, बिस्किटं, आणि इतकी शांतता की पंखा थांबल्यावर कान दुखले.

सकाळची फेरी घ्या. दुपारी ऊन तापलं की हवा विरळ होते, हेलिकॉप्टरची उचल कमी पडते आणि वाराही उठतो. वारा वाढला म्हणून फेरी रद्द झाली तर भांडू नका, पण पैसे परत मिळतात का ते आधी लेखी घ्या. दारं काढून उडवतात ती फेरी मी घेणार नाही. २०१८ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये अशीच फेरी पाण्यात उतरली आणि पाच प्रवासी, दारं नसल्याने बांधलेल्या पट्ट्यांत अडकून, बुडाले. पायलट तेवढा वाचला. भारतातून काढलेल्या प्रवास विम्यात अशी उड्डाणं धरली आहेत का, तेही ईमेलने विचारून ठेवा. तोंडी 'हो सर' चालत नाही.

दीड वाजता परत बोल्डर सिटीत होतो. फिनिक्सला जाताना मिळालेला तास परत द्यावा लागतो, आणि किंगमननंतर बराच वेळ नुसतं वाळवंट आहे, तेव्हा तिथेच जेवून घ्या.