रांगेतली मोटार

पैसे हातात घेऊन गिऱ्हाईक दारात उभं, आणि कारखानदार म्हणतो, 'थांबा जरा.' हे 'जरा' कित्येक वर्षांचं! इंग्लंडमधल्या मॉल्व्हर्नच्या मॉर्गन मोटार कंपनीने हे वर्षानुवर्षं केलं आणि तरीही रांग हटली नाही. १९९० मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमासाठी सर जॉन हार्वे-जोन्स तिथे गेले. आयसीआयसारखी रसायनांची अवाढव्य कंपनी चालवलेला माणूस. उत्पादन वाढवा, असा सल्ला त्यांनी दिला. मॉर्गन बापलेकांनी, पीटर आणि चार्ल्सने, तो ऐकून घेतला आणि मानला नाही. हिशेबात हार्वे-जोन्स चुकले नसतील, पण माझं मत मात्र मॉर्गनांना. ज्याला घाई आहे त्याने दुसरी गाडी घ्यावी, बाजारात काय तोटा आहे?

मुळात ही गाडी होती तीनचाकी. पाद्र्याचा मुलगा हेन्री मॉर्गन. त्याने मॉल्व्हर्न कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ती जुळवली आणि १९१० मध्ये लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात मांडली. भांडवल वडिलांचं. (पाद्र्याने पोराच्या मोटारीपायी पैसा लावावा, हे मला त्या गाडीपेक्षाही आवडतं.) तीन चाकांमागे व्यवहारही होता: हलक्या तीनचाकीला कर मोटारसायकलचा. पुढच्याच वर्षी हॅरॉड्सच्या काचेत ती दिमाखात उभी राहिली. चौथं चाक यायला १९३६ उजाडलं. त्या गाडीचं नाव 'फोर-फोर': चार चाकं, चार सिलिंडर. नावाचा एवढा सरळ हिशेब मोटारवाल्यांच्यात क्वचितच सापडतो.

गाडीच्या पत्र्याखाली सांगाडा लाकडाचा, ॲशचा. पूर्वी हॉकीच्या काठ्या ज्याच्या करायचे ते चिवट, लवचीक लाकूड. त्यामुळे कारखान्यात सुतारांना मान. पण चासी, म्हणजे सगळा भार पेलणारा खालचा सांगाडा, तीही लाकडाची असते ही शुद्ध थाप. ती आधी पोलादाची होती. वाळवीच्या काळजीने ज्यांची झोप उडाली असेल त्यांनी निश्चिंत व्हावं. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये अर्धवट गाड्या माणसं हाताने ढकलत न्यायची.

२०१९ मध्ये बहुतांश मालकी इन्व्हेस्टइंडस्ट्रियल या इटालियन गुंतवणूकदारांकडे गेली. आता सुतारांची सुट्टी, असं मी गृहीतच धरलं होतं. त्याच साली 'प्लस सिक्स' आली: चासी नवी, ॲल्युमिनियमची, इंजिन बीएमडब्ल्यूचं, आणि वरच्या बॉडीचा सांगाडा ॲशचाच!