राणीछाप रुपयाचं सर्व्हिस सेंटर

नाण्याचे पैसे परत मिळाले, आधी तेच सांगतो. 3,400 रुपये, पूर्ण. पण त्यात गेलेल्या छत्तीस दिवसांचा राग अजून उतरलेला नाही.

मला 1877 चाच राणीछाप रुपया हवा होता. सोलापुरातली जुनी मिल त्याच साली सुरू झाली आणि आमचे आजोबा तिथे साच्यावर, म्हणजे मागावर, होते. शिवाय रुपयावरचं 'व्हिक्टोरिया क्वीन' जाऊन 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' आलं तेही त्याच सालापासून. ऑनलाइन एकाकडे दिसला, पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये, लख्ख. त्या लख्खपणावरच मी भाळलो. एवढी जुनी चांदी चिंचेने घासलेल्या तांब्यासारखी चमकत असेल तर कुणीतरी ती खरंच घासलेली असते, एवढी अक्कल मला तेव्हा हवी होती.

पार्सल आलं, वजन केलं. मूळ रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे जुना एक तोळा. हा साडेअकरा भरला. झीज धरली तर ठीक. चांदीही खरी. मग सवयीने कडेवरून नख फिरवलं. खर्र खर्र करत दात्यांवरून चाललेलं नख राणीच्या मुकुटाच्या बरोब्बर वर येऊन गुळगुळीत घसरलं. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत दातेच नव्हते. भिंगाखाली तिथे पांढुरका डाग. होल्डरमध्ये कड झाकली जाते, त्यामुळे फोटोत हे दिसणं शक्यच नव्हतं.

मंगळवार पेठेतल्या ओळखीच्या सराफांनी तर भिंगही घेतलं नाही. "ह्याला कडी होती की ओ सर. माळेतला रुपया हाय. कडी काढली, डाख घासला, वरनं पॉलिश मारलं." डाख म्हणजे कडी जोडलेला सांधा. मोडीत चांदीचा भाव येईल म्हणाले, नाण्याचा नाही.

आता तो फॉर्म. परत करण्याची कारणं त्यातूनच निवडायची: साइज बसत नाही, रंग वेगळा आला, वस्तू चालू होत नाही, सदोष वस्तू, विचार बदलला. मी 'सदोष वस्तू' निवडलं. दोन तासांत तक्रार बंद. का, तर जुन्या वस्तूवर खुणा असणारच, असं विक्रेत्याचं म्हणणं. अहो, वापराची झीज वेगळी आणि डाख वेगळा! पुन्हा तक्रार टाकली. चॅटवर एक मॅडम आल्या. "सर, वस्तू चालू होते आहे का?" नाणं आहे म्हटलं. "सर, टॅगसह फोटो पाठवा." टॅग नसतो म्हटलं. मग निरोप आला: कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचं दोष असल्याचं पत्र जोडा.

मी तो निरोप तीनदा वाचला. राणीच्या रुपयाची कंपनी म्हणजे कोणती? मला एकच कंपनी आठवते आणि तिचं राज्य 1858 मध्येच गेलं. हे मी खरंच लिहून पाठवलं. उत्तरात तोच निरोप पुन्हा आला, शब्दही न बदलता. असे अकरा दिवस गेले. तिसऱ्या तक्रारीला उत्तर: परतीची सात दिवसांची मुदत संपली आहे. म्हणजे घड्याळ यांनीच अडवून धरायचं आणि उशीर आमचा! घरून ऐकावं लागलं ते वेगळंच: "तीन हजारांसाठी किती बीपी वाढवून घेताय?"

सुटका झाली ती चॅट सोडल्यावर. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावाच लागतो. त्याने 48 तासांत पोच द्यायची, महिन्यात निकाल लावायचा. आणि वस्तू जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. मी चार ओळींचं मेल केलं, कडेचा जवळून काढलेला फोटो जोडला आणि त्याच दिवशी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन करून तक्रार नोंदवली. दोन्हींपैकी कशाने काम झालं देव जाणे. तोवर विक्रेत्याने जाहिरातीतलं 'मूळ स्थितीत, न घासलेलं' हे वाक्य गुपचूप काढलं होतं. मी मात्र खरेदीच्या रात्रीच मित्राला फुशारकी मारायला स्क्रीनशॉट पाठवलेला, तो कामी आला.

हो, आणि नाणं परत जाईपर्यंत ते पुसू नका. पितांबरी तर लांबच ठेवा, नाहीतर घासल्याचं खापर तुमच्याच डोक्यावर फुटेल. घेताना होल्डरबाहेर काढून कडेचा फोटो मागा, चारही बाजूंनी. मी आता मागतो. अर्धे विक्रेते तिथेच गप्प होतात.

न्यायला आलेला पोरगा मोबाइलवर एकेक प्रश्न वाचत होता. "बॉक्स हाय? हाय. बिल हाय? हाय." पुढच्या प्रश्नाला तो थांबला. "सर, वस्तू वापरलेली नाही ना?" मी रुपया त्याच्यासमोर धरला. 1877. त्याने एकदा नाण्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"नाही म्हणून टाकतो," म्हणाला.